घरच्या घरी मसाला सुकामेवा: इंदुरी जिरावनाच्या चवीचा आणि बेताच्या तेलाचा

इंदुरात राहायला आलेल्या माणसाला नमकीन शोधत जावे लागत नाही. सकाळच्या पोह्यांवर सेव आणि जिरावन, म्हणजे जिरे-आमचुराचा कोरडा मसाला, असते, दुपारच्या चहाबरोबर परमल-सेव, म्हणजे चुरमुरे आणि सेव, असते आणि रात्री सराफ्यात, म्हणजे इथल्या रात्रीच्या खाऊबाजारात, गेले की पुढचे सगळे ओघाने येते. या शहराची ही चव मला मनापासून प्रिय आहे आणि नेमक्या त्याच कारणाने ती रोज खाता येईल असा तिचा एक हलका प्रकार प्रत्येकाच्या घरी असावा असे मला वाटते, कारण तळलेले नमकीन रोजचे झाले की तेल आणि मीठ या दोन्हींचे प्रमाण आपल्या नकळत वाढत जाते. शिक्षणासाठी किंवा नोकरीसाठी इथे येऊन खोली घेऊन राहणारी मराठी मुले-मुली, ज्यांच्याकडे एक शेगडी, एक कढई आणि फार तर एक लहान मिक्सर आहे, त्यांना समोर ठेवून ही कृती सांगत आहे. स्वयंपाकाचा पूर्वानुभव नसला तरी चालेल. मात्र पाऊण तास शेगडीपाशी उभे राहण्याची तयारी हवी.

आरंभी एक गोष्ट मनात पक्की असू द्यावी. शेंगदाणे, बदाम, काजू, अक्रोड हे पदार्थ मुळातच पौष्टिक आहेत. त्यांत प्रथिने, चांगले स्निग्ध पदार्थ आणि तंतू असतात. आपल्याला त्यांत काही भर घालायची नसून आहे ते बिघडू द्यायचे नाही. माल जुना निघाला, आच जास्त झाली, मिठाचा हात सैल सुटला किंवा बरणीत ओलावा शिरला, की चांगला सुकामेवा वाया जातो. पुढची प्रत्येक सूचना यांतल्या कशाला तरी आवर घालण्यासाठी आहे.

माल घेताना

पहिल्या वेळेस सुमारे 400 ग्रॅमचा घाणा करावा: शेंगदाणे 150 ग्रॅम, बदाम 100 ग्रॅम, काजू 75 ग्रॅम, अक्रोडाचे गर 50 ग्रॅम आणि सोललेल्या भोपळ्याच्या बिया 25 ग्रॅम. खर्च आटोक्यात ठेवायचा असेल तर शेंगदाणे वाढवून काजू कमी करावेत. पौष्टिकतेत त्याने काहीही उणे होत नाही. किंबहुना 100 ग्रॅम शेंगदाण्यांत सुमारे 25 ग्रॅम प्रथिने असतात, तर तितक्याच काजूंत सुमारे 18 ग्रॅम, त्यामुळे शेंगदाण्याला गरिबाचा मेवा समजून बाजूला सारण्याचे काही कारण नाही. काजू अख्खेच हवेत असेही नाही. तुकडा काजू स्वस्त मिळतो आणि मसाला त्याला अधिक चांगला धरतो.

स्टेशनजवळच्या सियागंजात किराणा आणि सुक्यामेव्याची ठोक दुकाने आहेत. दोघातिघांनी मिळून घेतले तर तिथून आणणे परवडते. एकट्यासाठी घराजवळचा किराणावाला पुरेसा आहे, फक्त त्याच्याकडचा माल भराभर खपणारा असावा. सगळा मेवा कच्चा आणि बिनमिठाचा मागावा. खारवलेला किंवा आधीच भाजलेला माल घेतला तर मीठ आणि आच या दोन्हींवरचा आपला ताबा सुरुवातीलाच सुटतो.

घेण्यापूर्वी एक दाणा चावून पाहावा आणि त्यात संकोच करू नये. सुक्यामेव्यातील तेल हवेशी आणि उष्णतेशी संयोग पावून खवट होते, आणि हा खवटपणा भाजण्याने किंवा मसाल्याने झाकला जात नाही. अक्रोड यात सर्वांत नाजूक असतो. त्याचा गर फिकट, भुऱ्या रंगाचा असावा. काळपट पिवळा पडलेला आणि जिभेवर कडवट लागणारा अक्रोड घेऊ नये. एप्रिल-मे महिन्यांत इंदूरचा पारा चाळिशीपलीकडे जातो आणि बंद दुकानात उघड्या पोत्यातला माल फार लवकर खवट होतो, म्हणून त्या दिवसांत थोडा थोडाच आणावा.

शेंगदाण्यांच्या बाबतीत आणखी एक काळजी घ्यावी लागते आणि ती टाळता येण्यासारखी नाही. शेंग जमिनीत वाढते, आणि काढणीनंतर ती नीट वाळली नाही तर तिच्यावर बुरशी धरते. या बुरशीच्या काही जाती ॲफ्लाटॉक्सिन नावाचे विष तयार करतात, जे यकृताला घातक असते आणि घरच्या भाजण्याने पूर्णपणे नष्ट होत नाही. तेव्हा दाणे ताटात पसरून उजेडात निवडावेत आणि सुरकुतलेले, काळे-हिरवट पडलेले किंवा कुबट वास येणारे दाणे सरळ टाकून द्यावेत. खाताना एखादा दाणा कडू लागला तर तो गिळू नये. बदामातही कधी एखादा कडू निघतो. तोही थुंकून टाकावा.

जिरावन

बाजारात तयार जिरावन सहज मिळते आणि पोह्यांसाठी ते उत्तम आहे. या कामासाठी मात्र घरी केलेले बरे, कारण तयार जिरावनात मीठ किती आहे याचा अंदाज येत नाही, आणि ज्या खाण्याला आपण पौष्टिक म्हणणार त्यातल्या मिठाचा हिशेब आपल्याला ठाऊक असलाच पाहिजे.

दोन चहाचे चमचे जिरे, दोन चमचे धणे, एक चमचा बडीशेप, अर्धा चमचा मिरी, दोन लवंगा, दालचिनीचा बोटाच्या पेराएवढा तुकडा आणि एक लहान तमालपत्र कोरड्या कढईत अगदी मंद आचेवर, जिऱ्याचा वास सुटेपर्यंत, म्हणजे दोन-तीन मिनिटे परतावे. मसाला पूर्ण निवल्यावरच मिक्सरमध्ये घालावा. गरम मसाला दळला की आतल्या वाफेने तो ओलसर होतो आणि बरणीत गोळे धरतो. बारीक झालेल्या पुडीत दोन चमचे आमचूर, अर्धा चमचा सुंठ, अर्धा चमचा काळे मीठ आणि अर्धा चमचा साधे मीठ घालून मिक्सर पुन्हा एकदा फिरवावा आणि पूड बारीक चाळणीने चाळून घ्यावी. मीठ मसाल्याबरोबर दळण्यामागे कारण आहे. पिठीसारखे झालेले मीठ दाण्याला चिकटून राहते आणि जिभेला लगेच जाणवते, त्यामुळे थोडे मीठही पुरते. जाडसर मीठ मात्र घरंगळून बरणीच्या तळाशी जाते. हळद, हिंग आणि लाल तिखट या पुडीत घालू नयेत, त्यांची वेळ पुढे आहे.

यात एकूण मीठ सपाट एक चमचा, म्हणजे पाच-सहा ग्रॅमच्या आसपास होते. जागतिक आरोग्य संघटनेच्या सल्ल्याप्रमाणे प्रौढ माणसाने दिवसभरात सगळे मिळून 5 ग्रॅमपेक्षा कमी मीठ खावे. आपला घाणा 400 ग्रॅमचा आहे, तेव्हा 30 ग्रॅमच्या एका वाढणीतून अर्ध्या ग्रॅमहूनही कमी मीठ पोटात जाईल. आमचुराचा आंबटपणा आणि काळ्या मिठाचा वास यांमुळे इतके कमी मीठ अळणी लागत नाही. रक्तदाबाचा त्रास असणाऱ्यांसाठी साधे मीठ पूर्ण गाळून आमचूर अर्धा चमचा वाढवला तरी चव लागते. लिंबू पिळण्याचा मोह मात्र टाळावा, कारण त्याचा रस म्हणजे पाणीच.

भाजणे

नवख्या माणसाकडून चूक होते ती इथे. सगळा मेवा एकदम कढईत घातला जातो, आणि बदाम आतून कच्चा असतानाच काजूला काळे डाग पडतात. प्रत्येक दाण्याचा आकार वेगळा, तेल वेगळे आणि म्हणून वेळही वेगळा असतो. लोखंडी किंवा जाड बुडाची कढई घ्यावी आणि प्रत्येक जिन्नस स्वतंत्र भाजून एका मोठ्या परातीत काढत जावे. नॉनस्टिक भांडे रिकामे तापवणे योग्य नाही, तेव्हा या कामात ते वापरू नये.

कढई मध्यम आचेवर दोन मिनिटे तापवून आच मंद करावी आणि पहिल्यांदा बदाम घालावेत. त्यांना दहा ते बारा मिनिटे लागतात. उलथने सतत फिरते ठेवावे, कारण मंद आचेवरही कढईच्या मध्यभागाची धग कडेपेक्षा बरीच जास्त असते. साल किंचित तडकल्याचा आवाज येऊ लागला की एक बदाम बाहेर काढून कापून पाहावा. आतला पांढरा भाग फिकट सायीच्या रंगावर आला असेल तर बदाम झाले. त्याहून गडद होऊ देऊ नये. बदाम काळपट भाजले की कडवट लागतातच, शिवाय फार उष्णतेत त्यांच्यात ॲक्रिलामाइड नावाचा नकोसा पदार्थही वाढतो. काढल्यानंतरही दाणे आतल्या धगीने काही वेळ शिजत राहतात, म्हणून हवा तो रंग येण्याच्या थोडे आधीच कढई रिकामी करावी. गरम बदाम चावल्यावर मऊ लागला म्हणून पुन्हा भाजायला घेऊ नये. कुरकुरीतपणा निवल्यावरच येतो.

काजूंना पाच-सहा मिनिटे पुरतात आणि शेवटच्या मिनिटात त्यांच्यावरून नजर हलवू नये. अक्रोड तीन-चार मिनिटे नुसते गरम होऊन सुगंध सुटेपर्यंतच ठेवावेत. भोपळ्याच्या बिया दोन-तीन मिनिटांत फुगून तडतडू लागतात. तडतड सुरू झाली की लगेच काढाव्यात.

शेंगदाण्यांसाठी मी मुद्दाम वेगळी रीत सांगतो. भडभुंजा वाळूत दाणे भाजतो, कारण तापलेली वाळू दाण्याला चहूबाजूंनी सारखी धग देते आणि कढईच्या बुडाशी दाण्याचा थेट संबंध फारसा येतच नाही. घरी हेच काम खडे मीठ करते. अर्धा किलो खडे मीठ लोखंडी कढईत मध्यम आचेवर पाच-सात मिनिटे चांगले तापवावे, त्यात निवडलेले कोरडे शेंगदाणे घालावेत आणि झाऱ्याने खालचे मीठ वर आणत सहा ते आठ मिनिटे परतावे. चार दाणे बाहेर काढून जरा निवल्यावर चोळून पाहावेत. साल सहज सुटली आणि आतला दाणा फिकट बदामी दिसला की सगळे मोठ्या भोकांच्या चाळणीत ओतून मीठ गाळून घ्यावे. दाणे कोरडे असल्याने त्यांना मीठ जेमतेम चिकटते आणि चाळणी नीट हलवली की तेही झडते. गाळलेले मीठ निवल्यावर डब्यात भरून पुढच्या भाजणीसाठी ठेवावे. ते काळपट पडते पण पुन्हा पुन्हा वापरता येते. या रीतीने भाजलेला दाणा आतपर्यंत सारखा खमंग होतो, आणि नुसत्या कढईवर तो तसा साधायला बराच सराव लागतो. खडे मीठ जवळ नसेल तर साध्या कढईत मंद आचेवर दहा-बारा मिनिटे भाजावेत. शेंगदाण्याची साल काढू नये; तिच्यात तंतू असतात आणि तिच्या खरबरीतपणावर मसाला चांगला बसतो.

ओव्हन असेल तर बदाम आणि शेंगदाणे 150 अंश सेल्सियसवर 12 ते 15 मिनिटे, आणि काजू त्याहून चार-पाच मिनिटे कमी, मधे एकदा हलवून भाजावेत. मायक्रोवेव्हमध्येही हे जमते, पण तिथे दाणा आतून आधी जळतो आणि बाहेरून कळत नाही, त्यामुळे नवख्याने त्या वाटेला जाऊ नये असे माझे मत आहे.

मसाला लावणे

भाजणी आणि मसाला ही दोन वेगळी कामे आहेत आणि ती एकत्र करू नयेत. मेव्याला दहा मिनिटांची धग लागते, तर तिखट आणि हळद तापलेल्या कढईत अर्ध्या मिनिटात करपतात. भाजतानाच मसाला घालणाऱ्याला कडवट दाणे किंवा कच्चा मेवा यांपैकी एक स्वीकारावे लागते.

सगळा मेवा परातीत जमा झाला, की मीठ झटकून पुसलेल्या कढईत दोन चहाचे चमचे शेंगदाण्याचे तेल घालावे. 400 ग्रॅम मेव्याला एवढे तेल पुरते, कारण भाजल्यावर दाण्याचे स्वतःचे तेलही किंचित वर आलेले असते. तेलात धुऊन पूर्ण कोरडी केलेली दहा-पंधरा कढीलिंबाची पाने घालून ती चुरचुरीत होईपर्यंत परतावीत. पानांत थोडाही ओलावा राहिला तर तोच पुढे बरणीभर पसरतो, म्हणून पाने तासभर आधी पुसून पंख्याखाली ठेवावीत. पाने कुरकुरीत झाली की गॅस बंद करावा, अर्धे मिनिट थांबावे आणि मग उरलेल्या धगीवर पाव चमचा हिंग, पाव चमचा हळद आणि चवीप्रमाणे एक चमच्यापर्यंत लाल तिखट घालावे. तेलाचा रंग लगेच बदलेल. त्यात सगळा मेवा एकदम ओतून खालीवर करावा, म्हणजे प्रत्येक दाण्याला तेलाचा पातळ हात लागतो.

आता चार चमचे जिरावन एकदम न घालता तीनदा, हाताने भुरभुरत घालावे आणि प्रत्येक वेळी कढई हलवावी. मेवा कोमट असतानाच मसाला लागला पाहिजे. पूर्ण निवलेल्या दाण्यावर तो बसत नाही आणि फार गरम दाण्यावर आमचूर काळवंडतो. शेवटी गॅस पुन्हा अगदी मंद करून एक मिनिट परतावे आणि लगेच उतरवावे. तयार झालेले जिरावन या चार चमच्यांहून जास्त असते. उरलेले छोट्या बाटलीत ठेवावे, पोह्यांवर, ताकात किंवा काकडीवर ते उपयोगी पडते, आणि त्याबरोबर त्यातले मीठही घाण्यातून तेवढे वजा होते. माळव्याच्या जिभेला किंचित गोड लागते. तसे हवे असेल तर निवल्यावर एक चमचा पिठीसाखर घालावी, पण पहिल्या वेळी साखरेवाचून खाऊन पाहावे.

निववणे आणि साठवणे

गरम मेव्यावर झाकण ठेवल्याने झालेले नुकसान पुढे भरून काढणे फार अवघड असते. आतली वाफ झाकणाला लागून पाणी होते, ते पुन्हा दाण्यावर पडते आणि तासाभराच्या मेहनतीचे दाणे दुसऱ्या दिवशी वातड लागतात. परातीत एका थरात पसरून निदान एक तास तसेच ठेवावे, तळहाताला कुठेही ऊब लागत नाही याची खात्री करावी आणि मगच काचेच्या कोरड्या, घट्ट झाकणाच्या बरणीत भरावे.

हिवाळ्यात हा मेवा बाहेर दोन आठवडे चांगला राहतो. जुलै-ऑगस्टमध्ये हवा दमट असताना आठवड्यात संपेल एवढाच करावा, आणि उन्हाळ्यात रोजच्यापुरता बाहेर ठेवून बाकीचा हवाबंद डब्यात फ्रिजमध्ये ठेवावा. फ्रिजमधला डबा बाहेर काढल्याबरोबर उघडू नये. बाहेरच्या तापमानाला आल्यावर उघडला तर आत दव धरत नाही. बरणीत ओला हात किंवा ओला चमचा जाऊ देऊ नये. मसाला तळाशी जमलेला दिसला तर पुढच्या वेळी पूड अधिक बारीक दळावी, तेल वाढवू नये.

किती खावा आणि कोणी जपावे

रोज एक लहान मूठ, म्हणजे सुमारे 30 ग्रॅम, हे बेताचे प्रमाण आहे. वरच्या मिश्रणातून तेवढ्यात साधारण 180 कॅलरी आणि सहा ग्रॅमच्या आसपास प्रथिने मिळतात. पौष्टिक आहे म्हणून दुप्पट खाल्ले तर कॅलरीही दुप्पट होतात, त्यामुळे बरणी समोर घेऊन बसण्याऐवजी एका वाटीत काढून घ्यावे आणि बरणी जागेवर ठेवून द्यावी. हा मेवा जेवणानंतर खाण्यापेक्षा भुकेच्या वेळी, तळलेल्या नमकीनच्या जागी खाल्ला तर त्याचा खरा उपयोग होतो.

पाच वर्षांखालील मुलांना अख्खे दाणे कधीही देऊ नयेत. ते श्वासनलिकेत अडकण्याचा धोका खरा आहे. त्यांच्यासाठी बिनमसाल्याचे भाजलेले दाणे बारीक कुटून खिरीत किंवा शिऱ्यात घालावेत. शेंगदाण्याची किंवा इतर मेव्याची ॲलर्जी काहींच्या बाबतीत जिवावर बेतू शकते, म्हणून पाहुण्यांपुढे वाटी ठेवण्यापूर्वी विचारावे आणि कुणाला डबा भेट द्यायचा झाल्यास त्यावर आतल्या जिनसांची नावे लिहावीत. मूत्रपिंडाचा विकार असणाऱ्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय रोजच्या आहारात सुकामेवा आणू नये, कारण त्यात पोटॅशियम आणि फॉस्फरस बरेच असते.

उपवासासाठी

एकादशीला किंवा श्रावणी सोमवारी हाच मेवा थोड्या फरकाने करता येतो. हिंग, हळद, धणे, बडीशेप आणि कढीलिंब वगळावेत, काळ्या आणि साध्या मिठाऐवजी सैंधव घ्यावे, आणि मसाला म्हणून भाजलेले जिरे, मिरी व थोडे आमचूर एवढेच ठेवावे. आमचूर किंवा लाल तिखट उपवासाला चालते की नाही हे घरोघरच्या रीतीवर अवलंबून आहे, तेव्हा आजी-आईला विचारून ठरवावे. तेलाच्या जागी दोन चमचे तूप वापरावे. शेंगदाण्यांपैकी 50 ग्रॅम कमी करून दोन मुठी मखाणे घातले तर मेवा हलका होतो. मात्र मखाणे तुपावर मंद आचेवर सात-आठ मिनिटे स्वतंत्र परतून, बोटांत दाबल्यावर कडकन फुटतील इतके झाल्यावरच मिसळावेत, आणि ते हवेतला ओलावा फार लवकर ओढतात म्हणून हे मिश्रण दोन दिवसांत संपवावे. चुकून मऊ पडलेच तर कढईत मंद आचेवर चार-पाच मिनिटे हलवून, पुन्हा पूर्ण निववून बरणीत भरावे.